हिशेब कोणाला द्यावयाचा?

शिक्षकाने जे शिकवावे ते स्वतः आचरले पाहिजे काय, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने मला भर वर्गात विचारला, त्यास आता वीस वर्षे होत आली. मी नीतिशास्त्र शिकवितो. तेव्हा प्रश्नाचा रोख कोणीकडे होता हे वेगळे सांगावयास नको. वैद्याचे औषध लागू पडण्यास वैद्य स्वतः निरोगी असावा लागत नाही, असे काहीसे उत्तर देऊन मी त्या वेळी वेळ मारून नेली. वर्ग हसला, मीही हसलो. परंतु उत्तर चलाख होते, आणि चलाख उत्तराचे समाधान सहसा तास संपेपर्यंतच टिकते.

त्या प्रश्नाकडे पुनः वळण्यास कारण झाला तो जीन स्कॉट नावाचा एक अमेरिकन धर्मोपदेशक. दूरचित्रवाणीवरून ख्रिस्ती धर्माचा उपदेश करणाऱ्यांची अमेरिकेत वाण नाही. आणि त्यांच्याविषयी सुशिक्षित वाचकाचे मत बहुधा आधीच ठरलेले असते. माझेही होते. वेर्नर हेरझॉग ह्या जर्मन दिग्दर्शकाने १९८० मध्ये ह्या गृहस्थावर काढलेला पाऊण तासाचा एक माहितीपट पाहण्यात आला आणि ते मत काहीसे डळमळले. माहितीपटाचे इंग्रजी नाव 'गॉड्स अँग्री मॅन' असे आहे. मूळ जर्मन नावाचा अर्थ मात्र 'श्रद्धा आणि चलन' असा होतो, आणि तेच नाव मला अधिक मार्मिक वाटते.

त्यातील एक प्रसंग विसरता येण्यासारखा नाही. स्कॉट खुर्चीत बसला आहे. प्रक्षेपण चालू आहे, आणि तो बोलत नाही. ठरविलेल्या रकमेला सहाशे डॉलर कमी पडत आहेत. ते आल्यावाचून आपण तोंड उघडणार नाही, असा त्याचा हट्ट आहे. तो प्रेक्षकांकडे, म्हणजे यंत्राच्या डोळ्याकडे, टक लावून पाहत राहतो. शेवटी त्याचा तोल सुटतो आणि तो आपल्याच श्रोत्यांवर गरजतो : देवाचे कार्य अडले आहे, आणि तुम्ही घरी स्वस्थ बसून राहता! आपल्याकडे आरतीचे ताट फिरू लागले म्हणजे हरिदासबुवा नेमके त्याच वेळी उपरण्याने घाम पुसू लागतात, किंवा पेटीवाल्याशी काही बोलू लागतात. पैशाकडे आपले लक्षच नाही असे दाखविण्याची ही रीत इतकी जुनी आहे की तिच्यात कोणाला खोटेपणा वाटत नाही. स्कॉटने ती रीत मोडली. तो ताटाकडेच पाहत बसला, आणि सर्वांना पाहावयास लावले.

हा मनुष्य अडाणी नव्हता. १९२९ साली आयडाहो राज्यातील ब्यूल ह्या लहानशा गावी त्याचा जन्म झाला. १९५७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यास शिक्षणविषयक तत्त्वज्ञानात डॉक्टरेट दिली. विद्यापीठाच्या त्या वर्षांत श्रद्धा गमावली आणि पुढे पुराव्यांची छाननी करून ती परत मिळविली, असे तो स्वतःविषयी सांगे. येशूचे पुनरुत्थान ही ऐतिहासिक घटना आहे की नाही, ह्याचा वकिली थाटाने ऊहापोह करणारे त्याचे ईस्टरचे व्याख्यान प्रसिद्ध होते. फळ्यावर ग्रीक आणि हिब्रू शब्द लिहून तो त्यांची फोड करी. तासचे तास करी. पिरॅमिडांची मापे, समुद्रात बुडालेले अटलांटिस अशा विषयांतही तो तितक्याच उत्साहाने शिरे, हे सांगितले पाहिजे. ह्या बाबतीत त्याच्या विद्वत्तेला विवेकाची जोड कमी पडली, असे माझे मत आहे. पण फळ्यापुढे उभे राहिलेल्या कोणत्या विद्वानाविषयी असे एखादे वाक्य लिहिता येणार नाही?

१९७५ मध्ये लॉस एंजेलिसलगतच्या ग्लेंडेल येथील 'फेथ सेंटर' ह्या चर्चचा तो प्रमुख झाला. ह्या चर्चच्या मालकीची नभोवाणी आणि दूरचित्रवाणी केंद्रे होती. त्यांवरून तो रात्रीमागून रात्र बोलू लागला. पुढेपुढे त्याच्या तोंडात चिरूट आणि डोक्यावर दर वेळी निराळी टोपी दिसू लागली. मध्येच प्रवचन थांबवून तो आपले उमदे घोडे दाखवी. तीन विवाह झाले. राहणी संपन्न होती, आणि ती त्याने झाकली नाही. चर्चमध्ये येणाऱ्याला तू काय खातोस, काय पितोस, कोणाबरोबर राहतोस, असे तो विचारीत नसे. त्याबद्दल मलाही विचारू नका, असे त्याचे म्हणणे. ज्या धर्मपरंपरेत तंबाखू आणि मद्य ही सैतानाची जोडगोळी समजली जाते, तीत वाढलेल्या श्रोत्यांना हा मोकळेपणा केवढा वाटला असेल!

ह्या मोकळेपणाची खरी किंमत कळावयाची तर त्याच्या समव्यवसायींकडे पाहावे. १९८७ मध्ये ओरल रॉबर्ट्स ह्या वयोवृद्ध उपदेशकाने, ऐंशी लाख डॉलर जमले नाहीत तर परमेश्वर आपणास उचलून नेईल, असे भक्तांना कळविले. १९८८ मध्ये जिमी स्वॅगर्टने आपल्या पापाची कबुली डोळ्यांत पाणी आणून सर्वांसमक्ष दिली. १९८९ मध्ये जिम बेकर भक्तांच्या पैशाच्या अपहाराबद्दल दोषी ठरून तुरुंगात गेला. ही सर्व माणसे पडली, कारण ती उंचावर उभी होती, किंवा उभी असल्याचे दाखवीत होती. स्कॉट पडला नाही. तो जमिनीवरच उभा होता. ज्याने सोवळे नेसलेच नाही त्यास विटाळ कसला होणार?

एवढ्यावर थांबता आले असते तर माझ्या त्या विद्यार्थ्यास बरे उत्तर मिळाले असते. उपदेशकाचे आचरण आणि उपदेशाचे मोल ह्यांची फारकत करता येते, हे ख्रिस्ती धर्मानेच फार पूर्वी ठरविले आहे. इ. स. ३०३ मध्ये रोमन बादशहा डायोक्लीशियन ह्याने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला, आणि त्यांचे धर्मग्रंथ सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. काही धर्माधिकाऱ्यांनी भिऊन ग्रंथ हवाली केले. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेत असा वाद माजला की, असल्या भ्याड माणसांनी दिलेला बाप्तिस्मा, केलेले संस्कार, खरे मानावयाचे की खोटे? खोटे, असे म्हणणारा डोनॅटिस्ट पंथ निघाला. त्याचा प्रतिवाद पुढे सेंट ऑगस्टीनने केला. संस्कार ख्रिस्ताचा आहे, पुरोहिताचा नव्हे; पाणी दगडी पाटातून वाहत बागेत जाते, पाट स्वतः कोरडा आणि नापीक राहिला म्हणून बाग सुकत नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. ४११ मध्ये कार्थेज येथे भरलेल्या परिषदेत डोनॅटिस्टांचा पराभव झाला. ऑगस्टीनचा हा विचार मला पटतो. माझ्या वैद्याच्या दृष्टान्तापेक्षा तो किती तरी खोल आहे. पुनरुत्थानाचा पुरावा पुरेसा आहे की नाही, हा प्रश्न पुराव्याकडे पाहून सोडवावयाचा. पुरावा मांडणाराच्या तोंडात चिरूट होता की तुळशीपत्र, ह्याचा त्याच्याशी संबंध नाही.

परंतु ह्या दृष्टान्तात एक न्यून आहे, आणि ते स्कॉटच्या चरित्रानेच माझ्या ध्यानात आणून दिले. ऑगस्टीनच्या पाटातून पाणी एकाच दिशेने वाहते : वरून खाली, देवाकडून भक्ताकडे. दूरचित्रवाणीवरील उपदेशकाच्या पाटातून दुसरा एक प्रवाह उलट दिशेने वाहत असतो. तो पैशाचा. उपदेश वाहून नेताना पाट कसाही असला तरी चालेल. पण उलट येणारे पाणी वाटेत कोठे मुरते, हे विचारण्याची वेळ आली म्हणजे पाटाची चिरेबंदी तपासावीच लागते.

ती वेळ स्कॉटवर आली. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन ह्या, प्रक्षेपणाचे परवाने देणाऱ्या, सरकारी मंडळाने फेथ सेंटरच्या निधिसंकलनाची चौकशी सुरू केली. देणग्या ज्या कारणासाठी मागितल्या त्या त्याच कारणासाठी खर्ची पडल्या काय, असा थोडक्यात प्रश्न होता. मंडळाने कागदपत्र मागितले. स्कॉटने ते देण्याचे साफ नाकारले. भक्त आणि चर्च ह्यांच्यामधील व्यवहार राज्यघटनेने संरक्षिलेला आहे, त्यात सरकारने डोकावू नये, ही त्याची भूमिका. तो नुसता नाकारून थांबला नाही. किल्ली दिली म्हणजे झांजा बडविणारी खेळण्यातली माकडे त्याने प्रक्षेपणात आणून मांडली, ही कमिशनची माणसे असे सांगून ती नाचविली, आणि शेवटी बॅटने फोडली. कित्येक वर्षे कज्जा चालला. १९८३ मध्ये त्याचे कॅलिफोर्नियातील मुख्य दूरचित्रवाणी केंद्र परवान्यावाचून बंद पडले. हार्टफर्ड येथील दुसरे एक केंद्र अल्पसंख्य समाजातील मालकांना सवलतीच्या दराने विकण्याच्या खटपटीतून निराळाच वाद उद्भवला, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९९० मध्ये निकालात निघाला. पण ती गोष्ट वेगळी. केंद्र गेले तरी स्कॉट गेला नाही. त्याने उपग्रहाचा आश्रय केला आणि अहोरात्र बोलू लागला.

ऑगस्टीनच्या काळातील ते भ्याड धर्माधिकारी सरकारला ग्रंथ देऊन बसले म्हणून निंद्य ठरले. इंग्रजीत विश्वासघातक्याला जो शब्द आहे त्याचे मूळ ह्याच 'हवाली करणे' ह्या लॅटिन धातूत सापडते. स्कॉटने आपल्या वह्या हवाली केल्या नाहीत. तेव्हा तो त्या जुन्या हुतात्म्यांच्या पंक्तीला बसतो काय? त्याच्या अनुयायांना तसे वाटले असल्यास नवल नाही, आणि मीही ते सरसकट हसण्यावारी नेणार नाही. श्रद्धेपोटी कोणी किती दिले ह्याच्या याद्या सरकारच्या हाती पडणे ही भयंकर गोष्ट असू शकते. अलाबामा राज्याने नीग्रो समाजाच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेकडे सभासदांची यादी मागितली, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये ती मागणी अमान्य केली. यादी बाहेर पडली असती तर त्यातील माणसांचे काय झाले असते, हे न्यायमूर्तींना ठाऊक होते.

तथापि वहीला दोन बाजू असतात. एका बाजूस जमा, दुसऱ्या बाजूस खर्च. जमेच्या बाजूला दात्यांची नावे आहेत. तेथे त्यांच्या सदसद्विवेकाचा प्रश्न आहे, आणि ती बाजू झाकण्याचा स्कॉटला अधिकार होता असे मी मानतो. खर्चाच्या बाजूला मात्र दात्यांचे काहीच गुपित नाही. तेथे फक्त स्कॉटचे आहे. दात्यांच्या गुपिताचे पांघरूण त्याने दोन्ही पानांवर ओढले, येथे त्याची चूक झाली. शिवाय ज्या आकाशलहरींवरून तो बोलत होता त्या सार्वजनिक मालकीच्या होत्या. दुसऱ्याच्या ओटीवर बसून ओटीच्या धन्याला घरात डोकावू नको असे सांगता येते. ओटीवरून ऊठ, असे त्याने म्हटल्यास मग तक्रार करता येत नाही.

ह्यावर त्याच्या बाजूने एक उत्तर आहे, आणि ते बळकट आहे. दाते स्वतः हिशेब मागत नव्हते. त्यांना घोडे दिसत होते, चिरूट दिसत होता, सहाशे डॉलरांसाठी चाललेला आकांत दिसत होता; आणि हे सर्व पाहून ते देत होते. फसवणूक कोणाची झाली? आपल्याकडे दान करणारा उदक सोडून 'न मम' म्हणतो. ते उदक हातावरून ओघळले की वस्तूवरील त्याचे स्वत्व संपले. मग तिचा हिशेब त्याने मागावा कसा? मागितला तर ते दान राहिले नाही, व्यापार झाला. ह्या युक्तिवादाने मी बरेच दिवस अडून बसलो होतो.

परंतु 'न मम' हे शब्द दात्याने उच्चारावयाचे आहेत. घेणाऱ्याने 'तर मग हे माझे' असे म्हणावे, अशी योजना कोठेही नाही. उलट स्मृतिकारांनी दात्याचे कौतुक जितक्या मोकळेपणाने केले तितक्याच कठोरपणे प्रतिग्रह करणाऱ्यास सावध केले. दाने घेऊन घेऊन ब्राह्मणाचे तेज विझते, असे मनु सांगतो. देणाऱ्याने विसरावे आणि घेणाऱ्याने स्मरावे, अशी ही विषम वाटणी आहे. एकाचा हक्क संपला म्हणून दुसऱ्याचे कर्तव्य संपत नाही. आपल्या व्यवहारात हक्क आणि कर्तव्य ह्यांची जोडी बैलांसारखी एका जुवाला बांधण्याची सवय आपणास लागली आहे, त्यामुळे हे चटकन ध्यानात येत नाही. दात्याने मागितला नाही तो हिशेबही देणे असतो. आणि स्कॉटचा प्रख्यात मोकळेपणा येथे त्याच्या उपयोगी पडत नाही. मी असा आहे, आवडले तर द्या, हे म्हणणे प्रामाणिक खरे. पण त्याने प्रश्नाचे तोंड बंद होते. दांभिक मनुष्य खोटे उत्तर देतो, आणि खोटे उत्तर कधी तरी उघडकीस येते. 'मी असाच' म्हणणाऱ्याला प्रश्नच विचारता येत नाही.

आता त्याच्या बाजूची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर मी त्याच्यावर अन्याय करीन. २९ एप्रिल १९८६ रोजी लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालयास आग लागली. ती सात तासांहून अधिक काळ जळत होती. सुमारे चार लक्ष ग्रंथ नष्ट झाले, आणि त्याहून अधिक धुराने व पाण्याने खराब झाले. ग्रंथांच्या जीर्णोद्धारासाठी शहरात निधी उभारला जाऊ लागला, तेव्हा १९८७ मध्ये स्कॉटने आपले प्रक्षेपण त्या कामी लावले, आणि त्याच खुर्चीतून, त्याच पद्धतीने, सुमारे वीस लक्ष डॉलर ग्रंथालयाला मिळवून दिले. ह्या पैशातून त्याच्या चर्चला काही मिळावयाचे नव्हते. ज्या माणसाच्या वह्या बघावयास न मिळाल्या म्हणून सरकारने केंद्र बंद पाडले, त्याच माणसाच्या हातून शहराने आपल्या जळक्या ग्रंथांसाठी पैसे घेतले. आणि घेतले ते योग्यच केले. तो स्वतः दुर्मिळ बायबलांचा मोठा संग्राहक होता. जळलेले पुस्तक म्हणजे काय हे त्यास समजत होते.

शहराच्या मध्यवस्तीतील युनायटेड आर्टिस्ट्स हे १९२७ सालचे भव्य नाट्यगृह त्याने पुढे घेतले, आणि १९९० पासून तेथे त्याच्या प्रार्थनासभा भरू लागल्या. 'येशू तारतो' अशा अर्थाची लाल विजेची पाटी त्याच्या छपरावर लागली. २१ फेब्रुवारी २००५ रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी, स्कॉट वारला. त्याची पत्नी मेलिसा हिने चर्चचे काम पुढे चालविले. नाट्यगृह नंतर विकले गेले आणि २०१४ मध्ये त्या इमारतीत एक झकपक हॉटेल निघाले.

हेरझॉगच्या माहितीपटात आणखी एक लहानसा प्रसंग आहे. स्कॉट एक पिशवी नेहमी जवळ बाळगी. तीत काय आहे असे विचारले असता त्याने सांगावयाचे नाकारले. सारे आयुष्य यंत्राच्या डोळ्यापुढे मांडलेल्या माणसाला एवढीच काय ती स्वतःची जागा उरली असावी. तो प्रसंग पाहून मला त्याची कीव आली, आणि पाठोपाठ जरा चमकल्यासारखे झाले. कारण असली एक पिशवी माझ्याजवळही होती.

आमच्या महाविद्यालयात गरजू विद्यार्थ्यांसाठी एक लहानसा निधी आहे. तो सात-आठ वर्षे माझ्याकडे होता. प्राध्यापक मंडळी वर्षातून एकदा यथाशक्ति देत, आणि मी मुलांच्या परीक्षेचे शुल्क, खाणावळीचे पैसे असे काही त्यातून भागवीत असे. कोणी हिशेब मागितला नाही. एके वर्षी एका निवृत्त सहकाऱ्याने, ज्यांची देणगी सर्वांत लहान होती त्यांनीच, वही बघावयास मिळेल काय, असे फार नम्रपणे विचारले. मला राग आला. 'माझ्यावर विश्वास नाही काय?' हे वाक्य ओठांपर्यंत आले होते. मी ते गिळले, आणि मुलांची नावे त्यात आहेत, ती उघड करणे बरे नव्हे, असे कारण पुढे केले. कारण खरेच होते. ते गृहस्थ म्हणाले, "नावे झाकून दाखवा की."

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. पहाटेपर्यंत बेरजा-वजाबाक्या केल्या. तीनशे चाळीस रुपये जमेना. कोणा मुलाला घाईत दिले आणि टिपावयाचे राहिले, एवढेच असणार. दुसरे काही असण्याचा संभव नव्हता, आणि तरीही माझे हात थंड झाले होते. सकाळी मी ती रक्कम पाकिटातून काढून निधीत टाकली, नावांवर कागदाची पट्टी लावली, आणि वही नेऊन दाखविली. त्यांनी दोन मिनिटे चाळली, चष्मा काढला, "अगदी चोख," असे म्हणून ती परत केली, आणि चहा मागविला.

त्या तीनशे चाळीस रुपयांची नोंद वहीत नाही.